शंभूची गाडी आणि माझा माथा

मी एक जुना गतिरोधक आहे. पुस्तकातला हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नाही. सगळे मला ब्रेकर म्हणतात, आणि पुष्कळजण त्याच्या आधी एक शिवीही जोडतात. पिरंगुटहून घोटवड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, भरे गावात, कोंडिबाच्या घरासमोर मी आडवा पडलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. मित्रांनो, माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो का आला, ते आज सांगणार आहे.

माझा जन्म १९९९ सालचा. कोंडिबाचे घर रस्त्याच्या एका अंगाला आणि गोठा दुसऱ्या अंगाला. त्याचा मुलगा शंभू तेव्हा दहा वर्षांचा होता. गोठ्याकडे पळत जाताना त्याला मुरमाच्या ट्रकने उडवले. पोर वाचले, पण डावा पाय असा मोडला की आजही तो चालताना किंचित झुकतो. इथे ब्रेकर हवा म्हणून कोंडिबाने खूप खेटे घातले, कोणी दाद दिली नाही. शेवटी एका दुपारी त्याने आणि शेजाऱ्यांनी खडी, वाळू, सिमेंट आणून मला स्वतःच घातले. मापाचे कुणाला ठाऊक नव्हते, म्हणून मी जरा उंचच झालो. सिमेंट पक्के व्हावे म्हणून शंभूची आई रत्नाबाई सकाळ-संध्याकाळ माझ्यावर हंड्याने पाणी मारायची. पुढे दर दसऱ्याला ती माझ्या अंगावर चुन्याचे पट्टे ओढू लागली.

दहा वर्षे त्या जागी कुणाला धक्का लागला नाही. कारखान्यांच्या बसगाड्या, विटांचे ट्रॅक्टर, मुरमाचे टिपर, सगळे माझ्यापाशी येऊन वाकले. पलीकडच्या डेअरीवर दूध घालायला रत्नाबाई किटली घेऊन बिनघोर रस्ता ओलांडायची. न झालेल्या अपघाताबद्दल कोणी शाबासकी देत नाही, हे मी समजून होतो.

मित्रांनो, गाडीचे तोंड तुम्ही पाहता, पोट मी पाहतो. कुठल्या गाडीची स्प्रिंग दमली आहे, कुणाच्या शॉकअपमधून तेल गळते आहे, हे मला तिच्या मालकाआधी कळते. म्हणूनच पुढे जे घडले त्याचा मला दुप्पट संताप येतो.

२००९ साली कोंडिबाने कासार आंबोलीच्या बाजूची जमीन बंगल्यांसाठी विकली आणि शंभूच्या दारात लाल गाडी आली. त्यांच्या वरच्या खोलीत अमोघ नावाचा भाडेकरू राहायचा. तो लातूरचा, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. दोघांनाही गाड्यांचे वेड. रविवारी प्लॉट पाडण्यासाठी सपाट केलेल्या माळावर मातीतल्या शर्यती व्हायच्या, तिथे ते जायचे. कधीतरी चेन्नईच्या पक्क्या ट्रॅकवर गाडी पळवायची, असे शंभूचे स्वप्न होते. स्वप्नाबद्दल माझे काही म्हणणे नाही.

माझ्या शेजारीच लीलाबाईंची चहाची टपरी आहे. तिथे बसून दोघांनी गाडीसाठी कॉइलओव्हर निवडले. हा काय प्रकार, ते अमोघने तिथेच समजावून सांगितले होते. स्प्रिंग आणि धक्के शोषणारा शॉकअप एकाच नळीवर बसवलेले असतात. नळीला आटे असतात आणि आट्यांवर एक कडी. पान्याने कडी फिरवली की गाडी वर-खाली होते. वरच्या टोकाला एक बटण, ते फिरवले की धक्के खाणे मऊ किंवा कडक होते. दोन संच त्यांच्या विचारात होते. एक मऊ, उंची राखणारा, रस्ता आणि माती दोन्हीला चालणारा. दुसरा कडक, गुळगुळीत ट्रॅकसाठी केलेला.

अमोघने खरे तेच सांगितले. तू रोज भऱ्यातून पिरंगुटला जाणार, चेन्नईला वर्षातून एकदा गेलास तर गेलास, रोजचा रस्ता बघून घे, असे तो म्हणाला. शंभूला ते पटले नाही. मऊ गाडी म्हाताऱ्यांची, असे त्याचे म्हणणे. गाडी रस्त्याला चिकटलेली दिसली पाहिजे. अमोघ गप्प बसला. घरमालकाच्या मुलाशी किती वाद घालायचा, असा त्याने विचार केला असेल. मला त्या गप्प बसण्याचाही राग आहे.

कडक संच आला. शंभूने कडी पार खालच्या आट्यापर्यंत फिरवली आणि बटण पूर्ण कडक करून ठेवले. पहिल्याच दिवशी गाडीच्या पोटाखालचा तेलाचा चेंबर माझ्या माथ्यावर खरडला. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी तिरपी घातली, तरी खरडलाच. मागे बस हॉर्न वाजवत उभी. गाडीतली हवा गेली का रं, असे लीलाबाईंनी विचारले आणि टपरीवरचे सगळे हसले. ते हसणे त्याला झोंबले.

मग एका पहाटे तो पहार घेऊन आला. आपल्या घराकडच्या निम्म्या अंगाचा माझा माथा त्याने फोडून जवळजवळ सपाट केला. अमोघ शेजारी उभा होता. ज्याच्या पायासाठी मला घातले, त्याच शंभूने, त्याच पायावर जोर देऊन मला फोडले.

सकाळी कोंडिबा रस्त्यावर आला. टिपरने फोडला असेल, असे शंभू म्हणाला. कोंडिबाने उकिडवे बसून माझी फुटकी कड बोटांनी चाचपली. "टिपर पहारीनं फोडत न्हाई," तो म्हणाला. एवढे कळूनही तो उठून गोठ्यात गेला. दिवाळी झाली की भरून घेऊ, असे ठरले. दिवाळी झाली, कोणी भरले नाही.

आता येणारी-जाणारी सगळी वाहने मला टाळून त्या सपाट भागातून जाऊ लागली. समोरून येणारीसुद्धा, उलट्या बाजूने, वेग न कमी करता. एका संध्याकाळी रत्नाबाई दुधाची किटली घेऊन घराकडून निघाली. तिने सवयीने उजवीकडे पाहिले. मोटरसायकल डावीकडून आली. किटली माझ्या अंगावर पडली. सगळे दूध माझ्या भेगांतून गेले आणि मी काहीही करू शकलो नाही.

तिच्या मांडीचे हाड मोडले होते. दारात लाल गाडी होती, तिच्यातच तिला आडवे करून दवाखान्याकडे निघाले. पुढच्या सीटवर बसलेल्या अमोघने नंतर टपरीवर सगळे सांगितले. रत्नाबाईने पदर दातांत धरला होता. भूगाव आले. मग तिने विचारले, "शंभू, जरा हळू न्हाई का जात ही?"

गाडी माणसाच्या चालीने चालली होती. ट्रॅक्टरसुद्धा तिला मागे टाकून जात होते.

"हळूच हाय आई," शंभू म्हणाला. "गाडीच कडक हाय."

धक्के मऊ करायचे बटण फिरवावे, हे अमोघला आठवले, पण तोवर बावधनचा दवाखाना आला होता.

दवाखान्यातून आल्यावर शंभूने माझ्यासमोरच गाडी जॅकवर घेतली. चारही कड्या पान्याने फिरवून गाडी चार बोटे वर उचलली. लीलाबाईंनी दुपारचा चहा ठेवला तेव्हा त्याने सुरुवात केली आणि टपरी बंद व्हायच्या आत काम संपले. मग त्याने माझ्या न फुटलेल्या बाजूवरून गाडी नेली. जराही खरडली नाही. एवढेच करायचे होते! उंची बदलायची सोय त्याच्या गाडीत होती, माझ्यात नव्हती. तरी पहार माझ्यावर चालली.

त्यानंतर त्याने सिमेंट कालवून माझी फुटकी बाजू भरली आणि कोणी न सांगता रोज पाणी मारले. नवा भाग काळपट दिसतो, जुन्याशी मिळत नाही. तो पाणी मारत असताना रडायचा, ते मी पाहिले. माझा राग तरीही गेला नाही.

मित्रांनो, गाडीला काहीही बसवा, पण ती रोज कुठल्या रस्त्याने जाणार आणि तिच्यात कोण बसणार, ते आधी पाहा. एखादी गोष्ट आडवी आली, तर ती कुणी आणि कशासाठी घातली, हे विचारा. आपल्या हातातला पाना फिरवून भागत असेल, तर पहारीला हात लावू नका. आणि चुकते आहे हे दिसत असेल, तर भाडेकरू असलात तरी बोला.

या दसऱ्याला माझ्यावर चुन्याचे पट्टे शंभूने ओढले. रत्नाबाई काठी टेकत ओट्यापर्यंत आली आणि तिथूनच पाहत राहिली. दूध आता शंभूच नेतो. ती अजून रस्ता ओलांडत नाही.