अकराशे हातांचा खण

"आमच्या बाबांचं दुकान बंद पाडायला तुम्हाला किती दिवस लागतील?"

भोंगीने विचारलं आणि शाळेचा अख्खा हॉल गपगार झाला.

पैज वर्गातल्या लंबूने लावली होती. "हिंमत असेल तर विचार, नाहीतर वर्षभर माझं दप्तर उचल." लंबूचं दप्तर म्हणजे विटांची गोणी. शिवाय भोंगीला हिंमत दाखवायची आता चटकच लागली होती. मागच्या वर्षापर्यंत वर्गात तिला 'मुकी' म्हणायचे. मग ती एकदा वक्तृत्व स्पर्धेत चक्क पहिली आली, आणि तिच्या तोंडाचं निघालेलं कुलूप परत लागलंच नाही. भोंगी हे नाव तेव्हाचं.

व्यासपीठावर करड्या कोटातल्या एक बाई उभ्या होत्या. कात्र्या विकणाऱ्या आणि कात्र्यांना धार लावणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या त्या प्रमुख. शिंप्यांच्या गल्लीत, भोंगीच्या बाबांच्या धारेच्या दुकानासमोर त्यांचं नवं दुकान होत होतं, आणि शाळेने त्यांना 'धंद्यात टिकायचं कसं' यावर बोलायला बोलावलं होतं. भोंगीला वाटलं, बाई हसतील, टाळ्या पडतील, विषय संपेल.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी छताकडे बघून मनात हिशोब केला.

"चौदा महिने," त्या म्हणाल्या. दातांच्या डॉक्टरने किती दात काढावे लागतील ते सांगावं, तशा थंडपणे. "पण तुझ्या बाबांकडे आम्हाला मिळवता येणार नाही असं काही असेल, तर जास्त. आहे का तसं काही?"

शहाण्या मुलीने इथे खाली बसायचं. पण तीनशे डोळे आपल्यावर असताना खाली बसेल ती भोंगी कसली!

"आहे की!" ती म्हणाली, आणि सगळं सांगून बसली. दुकानातला लाकडी खण. त्यात अकराशे कार्डं, एकेका गिऱ्हाइकाच्या हाताची. आजोबांनी सुरू केलेली, आता आई लिहिते. कोण डावखुरा, कोण अंगठ्यावर जोर देतो, कुणाचं मनगट बाहेर वळतं. बाबा आधी कार्ड वाचतात आणि मग त्या हाताला बसेल अशी धार लावतात. म्हणून तर लोक तीन गल्ल्या ओलांडून येतात.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लंबूने बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. बाईंनी खिशातून छोटी वही काढली, एकच ओळ लिहिली आणि वही परत खिशात ठेवली.

घरी भोंगीने फक्त पैज जिंकल्याचं सांगितलं. बाबा खूश झाले. "बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, बेटा!"

तीन आठवड्यांनी समोरचं दुकान उघडलं. आत काचेचं टेबल होतं, टेबलाच्या चार कोपऱ्यांवर चार कॅमेरे. आलेल्या माणसाने आधी कापडाची एक पट्टी कापायची, कॅमेरे त्याचा हात टिपणार, आणि यंत्र त्या हाताप्रमाणे धार लावून देणार. वर्षभर फुकट, आठवड्यातून हवं तर दोनदा.

आपल्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून भोंगी ते टेबल बघत राहिली. आजोबांपासून जमवलेला खण समोर चार दिवसांत भरत होता, आणि त्याचा पत्ता तिनेच तर दिला होता, माइकवरून.

"हे कॅमेऱ्याचं खूळ कुठून सुचलं यांना?" आईने विचारलं.

भोंगी मूग गिळून बसली. मुकी परत आली.

मग गल्ली हळूहळू फिरली. आधी पडदेवाले गेले, मग हातमोजेवाले, मग शाळेचे गणवेश शिवणारे दोघे भाऊ. ते जाताना मान खाली घालून जायचे. बाबा हसून म्हणायचे, "जाऊ दे रे, फुकट ते पौष्टिक!" पण त्यांची धार लावायची सहाण दुपारपर्यंत कोरडीच असायची, आणि रिकामे हात ते उगाच फडक्याला पुसत बसायचे. समोरच्या काचेआड कधीकधी करडा कोट दिसायचा. भोंगी शाळेतून येताना दिसली की त्या बाई हात हलवायच्या, जुनी ओळख असल्यासारख्या.

पाचव्या महिन्यात कोटवाल्या मावशी आल्या. त्या चाळीस वर्षं कोट शिवत होत्या. त्यांनी फडक्यात गुंडाळलेली कात्री टेबलावर ठेवली.

"समोर जात होते. तुझ्यापासून काय लपवू, बाबा. पण ही हलकी लागते हातात. आणि जाड कापड धरतच नाही, चावते नुसती."

"किती वेळा धार लावून घेतलीस?"

"दर सोमवारी. ते फोन करून बोलावतात ना!"

बाबांनी मोजायचा व्हर्नियर काढला. हो, तोच, शाळेत ज्याचं नाव निघताच अख्खा वर्ग जांभया देतो. त्यांनी पातं मधोमध मोजलं. आईने खणातून मावशींचं कार्ड काढलं. कार्डाच्या पाठीमागे दर खेपेची पात्याची रुंदी लिहिलेली होती. अकरा वर्षांत एकतीस मिलिमीटरचे एकोणतीस झाले होते.

"पंचवीस," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "पाच महिन्यांत चार मिलिमीटर. अगं मावशी, यांनी तुझी कात्री खाल्ली."

"मग आता?"

"आता काही नाही. गेलेलं पोलाद परत येत नाही."

"मला काय माहीत! धार लावून मिळतेय तर..."

"इथे आली असतीस तर यांनी तुला वीस वेळा परत पाठवली असती," आई बाबांकडे बोट दाखवून म्हणाली. "'अजून दोन महिने चालेल, जा घरी.' मी यांना ओरडायचे, हातचं गिऱ्हाईक घालवता म्हणून."

भोंगीच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. हॉलमध्ये तिने उत्तरच चुकीचं दिलं होतं. हातांची माहिती कुणीही गोळा करू शकतं. पण धार लावण्याच्या दुकानाने 'आज धार नको' म्हणायचं, हे त्या कंपनीला कधीच परवडणार नव्हतं. त्यांना कात्र्या टिकवायच्याच नव्हत्या, संपवायच्या होत्या.

आणि संपल्यावर काय, ते पुढच्याच सोमवारी समोरच्या काचेत दिसलं. काळ्या मुठीच्या चकचकीत नव्या कात्र्या. बाबांनी एक मागवून बघितली आणि उलटीपालटी केली. दोन पात्यांच्या मध्ये स्क्रूच नव्हता, गुळगुळीत बंद गोळी होती.

"हिचं पोट उघडताच येत नाही," ते म्हणाले. "मला नाही, कुणालाच नाही. त्यांच्या यंत्राशिवाय हिला धार लागणार नाही. एकदा ही हातात घेतली की माणूस जन्माचा त्यांचा."

त्याच दिवशी शाळा सुटताना फाटकाजवळ बाई उभ्या होत्या.

"प्रश्न विचारणारी मुलगी मला आवडते," त्या म्हणाल्या. "सुट्टीत ये आमच्याकडे, शिकशील. आणि तुझ्या बाबांना पत्र पाठवलंय. तुमचा खण आम्ही विकत घेतोय."

"पण तुमच्याकडे तर सगळ्यांचे हात आहेत! आमची कार्डं कशाला हवीत?"

"आम्हाला कुठे हवीत?" बाईंनी तिची सुटलेली वेणी प्रेमाने खांद्यावर नीट ठेवली. "ती कुठेच नसली म्हणजे झालं."

भोंगी दुकानापर्यंत पळत आली. तिला आता कळलं होतं. कुणाचं पातं आधी केवढं होतं, हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. तो खण गेला, की कात्री आपोआप झिजली म्हणायला ते मोकळे.

पत्र टेबलावर होतं. आई-बाबा समोरासमोर बसले होते. मध्ये चहा निवत होता.

"उद्या दहाला त्यांचा माणूस येतोय," बाबा म्हणाले. "सही करून टाकतो. गिऱ्हाईकच नाही तर कार्डं काय छातीशी धरून बसायचं? निदान तुझं शिक्षण तरी होईल."

"बाबा, त्यांना खण मी दाखवला." शब्द एका दमात बाहेर पडले. "शाळेत. माइकवर. सगळ्यांसमोर. टाळ्या मिळाल्या म्हणून."

बाबांनी कप खाली ठेवला.

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," आई म्हणाली. "आणि पाच महिने गप्प बसलीस? तू? भोंगी?"

"हो."

खिडकीतून समोरचं दुकान दिसत होतं. काचेच्या टेबलापुढे रांग होती. रांगेच्या टोकाला करडा कोट उभा होता, आणि त्याचं तोंड इकडे होतं.

भोंगीने पडदा ओढून घेतला. मग तिने खणच बाहेर काढला आणि टेबलावर, त्या पत्रावर ठेवला.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "उद्या मी शाळेत जाणार नाही. सकाळी सातला गल्लीच्या त्या टोकापासून सुरू करणार. ज्याचं कार्ड त्याच्या हातात. व्हर्नियर बरोबर नेणार, आणि प्रत्येकाला त्याचं पातं माझ्यासमोर मोजायला लावणार. दहाला तो माणूस येईल तेव्हा खण माझ्याबरोबर गल्लीत असेल, इथे विकायला काही उरलेलं नसेल."

"अगं, पण मग आपल्याकडे तरी काय उरणार?" बाबांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही," भोंगी म्हणाली. "पण मी जाणार. तुम्ही नाही म्हणालात तरी जाणार."