डोंगराकडची बाजू

गोजाबाईची कपिली गाय पहाटे गोठ्यात मेली आणि दिवस उजाडतो न उजाडतो तोच तिच्यावरून घरात जुंपली. गाय म्हातारी होती, आज ना उद्या जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. भांडण होतं ते तिला टाकायची कुठं, यावर.

"हाडक्या माळावर, आनखी कुठं?" पुतण्या रविराज म्हणाला. "वाडवडलापासनं तिथंच टाकतोय आपण."

"आन् तरसानं यायचं कसं? डांबरावरनं?"

रविराजने कपाळाला हात लावला. चाकणच्या कंपन्यांना जेसीबी पुरवणारा गडी तो. त्याच्या चहाच्या वेळेला तरसाची चौकशी करायची म्हणजे गोजाबाईच करू जाणे.

पण म्हातारीचं काही चुकत नव्हतं. समोरच्या डोंगराच्या कपारीत तरसाची जोडी कैक वर्षं नांदत होती. गावात ढोर मेलं की माळावर न्यायचं, कपाळाला हळदकुंकू लावायचं आणि मागं वळून न बघता घरी यायचं, ही रीत. बाकीचं तरस बघून घ्यायचं. चार रात्रींत हाडूकसुद्धा उरायचं नाही. गावाला कधी नाक दाबावं लागलं नाही ते त्या कुरूप जनावराच्या जिवावर. गेल्या साली मात्र डोंगर आणि माळ यांच्या मधोमध कंपन्यांचा रुंद रस्ता गेला. पलीकडं पायथ्याला, रस्त्याच्या कडेनं, गोदामासाठी तारेचं कुंपण पडलं; डोंगराकडून तेवढं मोकळं राहिलं. रस्त्याखालून जनावराला जाण्याजोगी मोठी मोरी ठेवा, असं गोजाबाई ग्रामसभेत उभी राहून म्हणाली होती, तेव्हा लोक पोट धरून हसले होते. पावसाळ्यात नर कंटेनरखाली गेला. तेव्हा कुणी हसलं नाही, पण कुणी काही केलंही नाही. आता मागं एकटी मादी होती, आणि ती व्यालेली होती.

"गाय डोंगराकडच्या बाजूला न्यायची," गोजाबाई म्हणाली. "त्या लेकुरवाळीला रस्त्यावर पाय ठेवायची पाळीच येऊ द्यायची न्हाई."

"तिकडं कुंपण हाय काकी! वाचमन आत सोडल व्हय?"

"त्ये मी बघते. तू ट्रॅक्टर काढ."

गेटवर नागसेन होता. परभणीकडचा, बायकोपोरांना दापोडीत ठेवून इथं पहारा करणारा. ट्रॉलीतली गाय बघून तो दोन पावलं मागं सरला.

"माय, हे काय आणलाव? सायबाला कळलं तर मला हाकलून देतील की!"

"तू बघितलीस का रं पिल्लं?"

नागसेन घुटमळला. मग आवाज उतरवून म्हणाला, "दोन हायेत. ब्याटरीच्या उजेडात दिसली. आत्ता कुठं डोळे उघडू लागलेत."

"मग त्येंच्या आईनं काय खायाचं? तुझ्या गेटाचं लोखंड?"

त्याने रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर टाकली आणि गेट उघडलं. गाय करवंदीच्या जाळीपाशी उतरवली. गोजाबाईने तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. "जा बाई, कुनाच्या तरी पोटाला लाग," एवढंच म्हणाली आणि रडली. रविराजने तोंड दुसरीकडं केलं.

दुसऱ्या सकाळी नागसेनने कुंपणापलीकडून हात हलवला. तरस आलं होतं, पोटभर खाऊन गेलं होतं. त्या दिवशी गोजाबाईचे पाय जमिनीवर नव्हते. भेटेल त्याला सांगत सुटली. मग डोळे दाखवायला ती चिंचवडला लेकीकडं गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली.

तिसऱ्या दिवशी परतली तेव्हा रस्त्यावर माणसं गोळा झालेली. माणसं बाजूला सारत ती पुढं गेली. तरस मादी डांबरावर आडवी पडली होती. मानेवरचे राठ केस वाऱ्याने हलत होते आणि आचळांतून दूध गळून डांबरावर पांढुरका ओघळ आला होता.

"ही रस्त्यावर आलीच कशी?" गोजाबाईने विचारलं. "खायला तिकडंच व्हतं की."

गर्दीतून रविराज पुढं झाला. त्याचा चेहरा पडला होता.

"काल गोदामाचे मोठे साहेब आले व्हते काकी. वास सुटलेला. गाय हालवायला माझाच जेसीबी बोलावला." त्याने माळाकडं हात केला. "साहेब म्हनले, हितं नको, तुमच्या गावाची जागा असंल तिथं टाका. मग मी… हाडक्या माळावर टाकली. रीतीपरमानं. हळदकुंकू बी लावलं."

गोजाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. त्याला शिव्या द्याव्या असं तिला फार वाटलं, पण कशाबद्दल? पोराने खोडी केली नव्हती. वाडवडलांनी शिकवलं तेच केलं होतं.

ती माळावर गेली. अर्धी खाल्लेली गाय तिथंच पडली होती. तिने गाईच्या पायाला कासरा बांधला आणि रस्त्याच्या दिशेने ओढू लागली.

"काकी, सोडा. मी जेसीबीनं नेतो."

"तुझं जेसीबी ऱ्हाऊ दे. हात लाव."

दोघांनी ओढत ओढत गाय रस्त्यावर आणली. कंटेनरवाले भोंगे वाजवून शिव्या घालत होते. गेटाशी पोचल्यावर नागसेन खाली मान घालून म्हणाला, "माय, पिल्लं दुधावरची हायेत. ह्याला त्यांचा दात बी लागायचा नाही."

"ठावं हाय मला."

"मग कशापायी?"

डोंगरावरून बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता. रविराजने तो ऐकला आणि गाईचे मागचे पाय पुन्हा धरले. गोजाबाईने कासरा मनगटाला पुन्हा एक वेढा देऊन आवळला.

"गेट उघड," ती म्हणाली. "तरसाची गाय हाय ही."