ग्रंथपालांची तत्त्वनिष्ठा

वाचनालयाच्या दारावरची सूचना ग्रंथपालांनी तिसऱ्यांदा वाचली. ‘शनिवारी सायंकाळी पाच वाजता व्याख्यान. विषय : परंपरावादी राजकीय विचार, उगम आणि वाटचाल. वक्त्या : आमच्या सहायक ग्रंथपाल.’

अठरा वर्षं शनिवारचं व्याख्यान म्हणजे ग्रंथपालांचं व्याख्यान! समतेवर, सुधारणांवर, क्रांत्यांवर ते बोलत आले होते. अलीकडे श्रोते रोडावून चौदावर आले, हे खरं. म्हणून समितीने या महिन्याचे चार शनिवार सहायिकेला देऊन टाकले. वर्षभरापूर्वी तात्पुरती लागलेली, त्यांच्या लेकीच्या वयाची मुलगी!

शनिवारी सभागृह भरलं. वाचनकक्षातल्या खुर्च्या ओढून आणाव्या लागल्या, तरी काही लोक जिन्यावर बसले. ग्रंथपाल मागे कपाटाला टेकून उभे होते. त्यांच्या व्याख्यानात हमखास घोरणारे एक शाळामास्तर पहिल्या रांगेत भराभर टिपणं काढत होते. ते पाहून ग्रंथपाल भरलेल्या खुर्च्या मोजू लागले.

“कसं झालं तिचं?” घरी बायकोने विचारलं.

“बोलते बरी, पण विचार जुनाट.”

“म्हणजे काय म्हणाली?”

ग्रंथपाल चपला काढायला खाली वाकले. त्यांनी एक वाक्यही धड ऐकलं नव्हतं. तासभर ते खुर्च्या मोजत होते.

दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल त्याच्या कानाशी ते लागू लागले. “बाई सरदार-जहागीरदारांची वकिली करते हो. सर्वसामान्यांच्या वाचनालयात हे शोभतं का?” शेवटी त्यांनी समितीला पत्रच लिहिलं. अशा विचारांच्या व्यक्तीला नोकरीत कायम करणं आपल्या तत्त्वांत बसत नाही, असं त्यात होतं. तत्त्वांत! समितीने तिची नेमणूक लांबणीवर टाकली आणि तिची टिपणवही तपासायचं काम ग्रंथपालांवरच सोपवलं.

तिसऱ्या व्याख्यानाच्या सूचनेवर कुणीतरी लिहून ठेवलं, ‘जुनाट बाई, चालत्या व्हा.’ तिने तो कागद काढला, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत बसली. डोळे लाल झाले होते. ते पाहून ग्रंथपालांना बरं वाटलं. अगदी खरंच बरं वाटलं! आणि मग त्यांना स्वतःचीच शरम वाटली. पण पत्र परत घेण्याइतकी नाही.

त्यांनी वही मागितली, तेव्हा तिने लगेच काढून दिली. “कुठे चुकलं असेल तर खूण करा, सर. या विषयावर माझ्याशी भांडेल असं इथे दुसरं कोण आहे?”

ग्रंथपाल लाल पेन्सिल घेऊन मागच्या खोलीत गेले. तिथे म्हातारे बाइंडरकाका सुटलेली पुस्तकं शिवत असत. चिकटवायच्या खळीच्या वासात ग्रंथपाल चुका शोधू लागले.

वहीत लिहिलं होतं : दोन शतकांहून अधिक काळापूर्वी फ्रान्समध्ये राजसत्ता कोसळली. जुनं सगळं एका फटक्यात मोडून नवा समाज आखायचं ठरलं. तेव्हा काही जणांनी विचारलं, पिढ्यान्‌पिढ्या चुकत-सुधारत उभं राहिलेलं मोडायला चार दिवस पुरतात, पण त्याच्या जागी लोक कशाच्या आधाराने जगणार? त्या प्रश्नातून या विचाराला आकार आला. पुढे त्याच्या वाटा फुटल्या. कुणी, टिकवायचं असेल तर सुधारायलाही हवं, असं म्हणत कामगारांसाठी कायदे केले. कुणी बाजारपेठेच्या स्वातंत्र्याला जवळ केलं. कुणी मात्र परक्यांची भीतीच विकली. शेवटच्या पानावर तिने स्वतःचं मत लिहिलं होतं : ‘हाच विचार उच्चनीच टिकवायला आणि आम्हा बायकांना मतपेटीपासून दूर ठेवायलाही वापरला गेला. ते विसरून त्याचं कौतुक करणं हा अप्रामाणिकपणा होईल.’

लाल पेन्सिल एकदाही टेकली नाही.

“सापडली का चूक?” काकांनी मान वर न करता विचारलं.

“काका, माणसाने काळाबरोबर बदलायला नको का? मी जन्मभर सुधारक...”

“तुम्ही?” काकांनी सुई थांबवली. “अहो, तुमचा शनिवार, तुमची खुर्ची, तुमचे श्रोते, सगळं होतं तसंच राहावं म्हणून एका पोरीच्या पोटावर पाय द्यायला निघालात. खुर्चीच्या बाबतीत तुमच्याएवढा परंपरावादी गावात शोधून सापडायचा नाही!”

ग्रंथपालांचा चेहरा उतरला.

“तिने निदान जपण्यासारखं काय आणि टाकण्यासारखं काय, ते निवडून तरी दाखवलंय,” काका म्हणाले. “तुम्ही नुसताच हेवा जपलात. आणि त्याला नाव दिलंत तत्त्वाचं.”

अरेरे! अठरा वर्षं ज्या तोंडाने विचारस्वातंत्र्य सांगितलं, त्याच तोंडाने आपण काय पसरवत होतो!

समितीच्या बैठकीत ग्रंथपाल उभे राहिले. “मी माझं पत्र परत घेतो. ते मी वही न वाचता लिहिलं. तिचं सभागृह भरलं, ते मला सहन झालं नाही.”

“म्हणजे तुम्हाला तिचे विचार पटले?” अध्यक्षांनी चकित होऊन विचारलं.

“बरेचसे नाही पटले. पण ते मी तिच्यासमोर, सगळ्यांदेखत खोडायला हवे होते. तिची नोकरी खोडायचा मला काय अधिकार?”

नेमणूक कायम झाली. बाहेर व्हरांड्यात त्यांनी तिची माफी मागितली. ती लगेच हसली नाही. “मला फार लागलं, सर,” एवढंच म्हणाली. ग्रंथपालांनी मान खाली घातली. शेवटच्या व्याख्यानाला मात्र ते पहिल्या रांगेत बसले आणि अर्धा तास तिच्याशी कडाडून वाद घातला. टाळ्या तिलाच जास्त मिळाल्या. हेवा थोडा वाटलाच, पण या वेळी आपल्याला काय होतंय हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

वाचकहो, मतभेद जरूर असावेत. परंपरा जपणाऱ्याने सुधारकाचं ऐकावं, सुधारकाने परंपरा जपणाऱ्याचं. पण कुणावर ‘जुनाट’ किंवा ‘बंडखोर’ असा शिक्का मारायला हात उचलाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, मला खुपतोय तो त्याचा विचार, की त्याला मिळालेला मान?