दोनदा तपासलेले डोळे

सकाळी थोरल्या सुनेच्या पायाने पाण्याची बादली लवंडली. बादली रोजच्याच जागी, दाराच्या उजव्या कडेला होती. थोरलीला समोरचं सगळं दिसायचं. कडेचं मात्र गेल्या वर्षभरात हळूहळू नाहीसं झालं होतं. घरात हे फक्त तिच्या धाकट्या जावेला ठाऊक होतं.

"डोळे आहेत की बटणं?" सासूबाई कडाडल्या. "बरं झालं, आज शाळेत डोळ्यांची तपासणी आहे. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. तपासणीत खोट निघाली, तर पोरीला इथे ठेवून तू सरळ माहेरी."

ही नुसती धमकी नव्हती. नजर अधू झालेली बायको माहेरी पोचवायची, अशी त्या वस्तीची रीतच होती. आणि एकदा रीत म्हटलं की कोणालाच लाज वाटत नाही. नवऱ्याची नजर गेली तर त्याला चष्मा आणि गरम दूध, बायकोची गेली तर तिच्या हातात गाठोडं. गवंड्याची बायको अशीच गेली. तिची मुलं अजून रस्त्याकडे बघत बसतात. डोळे वाचवायला आलेलं यंत्र या लोकांनी सुना पारखायला वापरावं, याचा मला संताप येतो.

शाळेतल्या एका वर्गाच्या खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. आत कॅमेरेवाली मुलगी यंत्र घेऊन बसली होती. यंत्रावर हनुवटी टेकवायची, लख्खकन उजेड पडायचा, आणि डोळ्याच्या आतला फोटो लांबच्या शहरातल्या डॉक्टरांकडे जायचा. दहा मिनिटांत स्पीकरवरून त्यांचं उत्तर यायचं. सासूबाई बाहेरच्या बाकावर चार वर्षांच्या नातीचं मनगट धरून बसल्या.

धाकटीची तपासणी आधी झाली. ती उठून आली, तर अंधारात थोरलीला दरदरून घाम फुटलेला.

"माझ्याने नाही बसवत गं. माझी पोर जाईल."

"ताई, आवाज करू नका. तुमची ओढणी द्या इकडे."

थोरलीची ओढणी डोक्यावरून घेऊन धाकटी पुन्हा जाऊन बसली. कॅमेरेवालीचं लक्ष पडद्यावर होतं. तिला दिवसभर डोळेच दिसतात, चेहरे कुठले दिसायला!

थोड्या वेळाने स्पीकर खरखरला. "हे शेवटचे दोन फोटो बघा. दोन्हींत उजव्या डोळ्याच्या पडद्यावर तोच तीळ, त्याच जागी. एकाच बाईला दोनदा बसवलंत का?"

दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई नातीला ओढतच आत आल्या. धाकटीच्या डोक्यावर थोरलीची ओढणी त्यांनी पाहिली, आणि मग कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

"म्हणजे खोट आहे तर. आता यंत्र कशाला? चल घरी, गाठोडं बांध."

एरवी थोरली मुकाट्याने घरीच गेली असती. पण आज ती हाताने चाचपत स्टुलापर्यंत पोचली आणि बसली. तिची हनुवटी इतकी थरथरत होती की फोटो तीनदा काढावा लागला.

"काचबिंदू दिसतो आहे," डॉक्टर म्हणाले. "उजव्या डोळ्याची बरीच नजर गेली आहे, ती परत येणार नाही. डावा अजून वाचेल, पण उशीर केलात तर तोही जाईल. दवाखान्याच्या आजच्या गाडीनेच इकडे या. आणि हा आजार रक्तातून उतरू शकतो. मुलं असतील तर त्यांचेही डोळे दाखवा."

"गाडीत पाय ठेवलास तर माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मला फार भीती वाटते," थोरली कशीबशी म्हणाली. "पण आंधळी झाले की तुम्ही मला घालवणारच. मग जायचंच आहे तर दिसतंय तोवर जाते. आणि पोरीला नेते."

"पोर आमच्या घरची आहे!"

"आणि उद्या तिच्याच डोळ्यांत खोट निघाली तर?" धाकटीने विचारलं. "मग ती कोणाच्या घरची, आई?"

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं. मग त्यांनी तिचं मनगट सोडलं. मायेने सोडलं की खोट निघेल या धाकाने, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

दुपारी गाडी मायलेकींना घेऊन शहराकडे गेली. त्या परत येतील तेव्हा घराचं दार उघडेल की नाही, हे कोणत्याही यंत्रात दिसत नाही. म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. तुमच्या घरात एखादी बाई भिंतीला हात लावत चालत असेल, तर तिला विचारा, काय होतंय. ती 'काही नाही' म्हणेल. पुन्हा विचारा.