कुठलं डुक्कर

फिदेन्सिओ सिन्सुन वाचला. ऑपरेशन झालं, झडप बसली, टाके सुकले. पण हे आपण ऐकलंच नाही असं धरू, कारण या घडीला तो मोरेलिया शहरातल्या काचेच्या हॉस्पिटलच्या दारात झाकणाची बादली घेऊन उभा होता आणि रखवालदार त्याला ती उघडायला सांगत होता.

फिदेन्सिओने झाकण उचललं. बर्फात डुकराचं हृदय होतं.

"हे काय?"

"झडप," फिदेन्सिओ म्हणाला. "आत आहे. बाहेरून दिसत नाही."

त्याची मुलगी मारिक्रूस दोन पावलं मागे उभी राहून डॉक्टरांच्या नावांचा फलक वाचत होती. तिसऱ्यांदा वाचत होती. शाळेतून रजा काढून ती बापाला खाजगी हॉस्पिटलं दाखवत फिरत होती. सरकारी हॉस्पिटलने चौदा महिन्यांनंतरची तारीख दिली होती, आणि इतके दिवस त्याच्या हृदयाची झडप तग धरणार नाही, असं तिथल्याच डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. गेल्या महिन्यात फिदेन्सिओ दोनदा तांब्याच्या कढईशेजारी कोसळला होता. एकदा कढईत पडता पडता राहिला.

बादलीचा घोळ खरं तर या काचेच्या हॉस्पिटलच्याच यादीने घातला. रिपोर्ट आणा, सपाता आणा, रक्त द्यायला घरची दोन माणसं आणा. रक्ताचं सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यात विशेष काही नव्हतं. मग डॉक्टर म्हणाला की झडप डुकराची बसवू. फिदेन्सिओ एक्कावन्न वर्षं किरोगा गावाच्या चौकात कार्नितास विकत होता, चरबीत मंद शिजवलेलं डुकराचं मांस, आणि डुकरं स्वतःच पाळत होता. रक्त घरचं चालतं, तर डुक्कर बाहेरचं कशाला?

डॉक्टर खाली आला. तरुण होता, बूट पांढरे होते. त्याने बादलीकडे लांबूनच पाहिलं.

"काका, आमची झडप प्रयोगशाळेतून येते. तिच्यात डुकराचं असं काही उरतच नाही."

"मग डुक्कर कशाला मारलं?"

डॉक्टर मारिक्रूसकडे बघून हसला. ते हसू फिदेन्सिओला वगळून गेलं.

"कुठलं डुक्कर होतं, तेवढं सांगा," फिदेन्सिओ म्हणाला.

"ते महत्त्वाचं नाही."

फिदेन्सिओने झाकण दाबून बसवलं. "चल गं."

मारिक्रूसने गाडी सिग्नलला थांबवली.

"त्यांच्याकडे सगळ्यात नवी मशीनं आहेत, बाबा."

"असतील."

"आत धबधबा आहे."

"मला आंघोळ करायची नाही."

"तुम्हाला मरायचंय का?"

त्याने बादली दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट धरली. "नाही. म्हणून तर विचारतोय."

मारिक्रूसने सिग्नल सुटल्यावरही गाडी हलवली नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा तिने डोळे पुसले आणि गिअर टाकला.

दुसऱ्या हॉस्पिटलात गाईची झडप बसवत. गाईतलं आपल्याला काही कळत नाही, असं सांगून फिदेन्सिओ काउंटरवरूनच परतला.

तिसरं हॉस्पिटल बाजाराच्या मागे होतं, तीन मजली, लिफ्ट बंद. सर्जन ओब्दुलिया फार्फान साठी उलटलेली बाई होती आणि मक्याचं कणीस खात होती. बादली पाहून तिने कणीस बाजूला ठेवलं आणि हातमोजे चढवले. हृदय उचललं, चिरलं, झडप बोटाने उलगडली आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली.

"सुरेख आहे."

"आठ महिन्यांचं होतं. मक्यावर वाढवलेलं."

"नाव?"

"नाव ठेवलं की हात अडतो."

तिने मान हलवली. "चालणार नाही."

"का?"

"झडप आधी औषधात मुरवावी लागते, मग तपासायची. ही तशीच बसवली तर आठवड्याभरात तुम्ही जाल. डब्यातून येते तीच बसवणार."

मुरवण्याचं फिदेन्सिओला पटलं. मुरवल्याशिवाय काहीच चांगलं होत नाही.

"आणि डब्यातलं डुक्कर कुठलं?"

"माहीत नाही. डब्यावर नंबर असतो. मी एकदा कंपनीला विचारलं होतं. उत्तर आलं नाही."

"तुम्ही का विचारलंत?"

"रोज हातात येतं," ती म्हणाली. "विचारावंसं वाटलं."

मारिक्रूस पुढे आली. "डॉक्टर, तुमच्याकडचे जगतात किती?"

"शंभरात सत्त्याण्णव. उरलेल्या तिघांची नावं सांगू?"

मारिक्रूसने नको म्हणून हात केला आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तीन हॉस्पिटलांत पहिल्यांदाच फिदेन्सिओ खुर्चीवर बसला.

"इथेच," तो म्हणाला.

"लिफ्ट बंद आहे, बाबा."

"रक्त द्यायला दोघं येणारच आहेत. उचलतील."

फार्फानने खणातून आरोग्य खात्याचा तक्रारीचा फॉर्म काढला. तीन प्रतींचा होता. "डुकराचं यात विचारा. कुणी वाचत नाही," ती म्हणाली, "पण शिक्का मारतात."

फिदेन्सिओने हात पुसले, पेन मागितलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'अर्जदाराच्या शरीरात बसवण्यात येणाऱ्या डुकराचं गाव, वय व आहार लेखी कळवण्यात यावा. ही माहिती गोपनीय असल्यास सदर डुकराच्या मालकाचा शोध खात्याने स्वतः घ्यावा व त्याचा माल वाया गेलेला नाही, असं त्याला कळवावं. अर्जदार दर जानेवारीत आपल्या हयातीचा दाखला खात्याकडे पाठवील. तो सदर मालकास विनाविलंब पोचता करावा, ही नम्र विनंती.'