न फोडलेले तीन क्यूब

काट्यावरचा आकडा दोनदा थरथरला आणि ८.४६२ किलोवर थांबला. अनुयाने क्यूब उचलला, फडक्याने पुन्हा टिपला, पुन्हा ठेवला. तेवढाच. मागच्या सोमवारी तो ८.४२२ होता. तिने पाच किलोचं प्रमाण वजन ठेवून काटा तपासला. बरोबर पाच.

"चाळीस ग्रॅमच ना?" टाकीपाशी उभा असलेला जगन म्हणाला. "बाकीच्या दोघांचं बी तेवढंच वाढलंय."

"ठेव परत," ती म्हणाली आणि वहीत आकडा लिहिला.

सुकापूरच्या या गाळ्यात अनुयाची काँक्रीट तपासायची लॅब होती. बांधकामावर स्लॅब किंवा कॉलम ओतताना त्याच मालाचे सहा चौकोनी क्यूब भरतात आणि लॅबला पाठवतात. ते पाण्यात ठेवायचे, तीन सातव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या दिवशी. किती भाराला फुटले त्यावरून इमारतीचा माल कसा आहे ते कळतं. काँक्रीट पहिले काही दिवस थोडं पाणी पितं, मग त्याचं वजन स्थिर होतं. टाकीच्या कोपऱ्यातले हे तीन क्यूब दीड वर्ष स्थिर होते, हा हातातला ८.१८२ वर, आणि गेल्या गणपतीपासून वाढू लागले होते. तिने टाकीतलं पाणी बदललं, काटा बदलला, त्यांना महिनाभर दुसऱ्या टाकीत ठेवलं. शेजारचे क्यूब होते तसेच राहिले, हे तीन वाढत गेले.

ती बाहेर आली. टेबलाशी तिचा धाकटा भाऊ सत्यजीत कागद पसरून बसला होता. पुण्यात तो लहान कारखान्यांना धंदा वाढवायचं नियोजन करून देई. बहिणीसाठी रविवार धरून सोमवारची रजा टाकून आला होता.

"ताई, तुझ्या यादीत सतरा कामं आहेत, आणि सगळ्यांपुढे तू 'तातडीचं' लिहिलंयस. अशी यादी करायला मी कशाला हवा होतो?"

"चहा प्यायला."

"तोही मीच केला. बरं, ऐक. रोडपालीच्या टॉवरचं काम हवंय, दुसरं यंत्र हवंय, माणसं हवीत. पण सगळं अडतंय कुठे? टाकीत. एकशेवीस जागा, आणि तू गिऱ्हाइकं परत पाठवतेस. आधी टाकी मोकळी कर, बाकीचं नंतर." त्याने टाकीचा नकाशा पुढे सरकवला. "हे कोपऱ्यातले तीन. दोन वर्षं? नियम अठ्ठावीस दिवसांचा आहे ना?"

"ते राहिलेत."

"राहिलेत की ठेवलेत?"

दर महिन्याच्या यादीत ते तीन क्यूब असत, कधी नवव्या क्रमांकावर, कधी चौदाव्या. वरची कामं संपेपर्यंत महिना संपे. वर कोणती कामं ठेवायची हे तीच ठरवत होती.

ते काशीरामचे होते. आपटा गावचा काशीराम, आधी शेती, मग जमीन विकून बिल्डर. लॅब उघडली तेव्हा हा गाळा त्यानेच अनामत न घेता दिला होता आणि पहिलं कामही त्याचंच. नदीकाठच्या त्याच्या तीन मजली इमारतीचे, तळमजल्याच्या कॉलमचे सहा क्यूब आले. सातव्या दिवशी तिने तीन स्वतः फोडले. आकडा सोळाच्या आसपास यायला हवा होता, नऊ आला. काशीरामने तो ऐकला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, बाकीचे तीन ऱ्हाऊ द्या. मी कॉलम जाड करून घेतो. फोडलाच नाय तर रिपोर्ट कसला?" या धंद्यात असं चालतं. खोटा आकडा कुणी लिहीत नाही, क्यूब तेवढा थांबवतात. तिनेही थांबवला. पुढे काशीराम वारला, इमारतीला कुठून तरी कागद मिळाला आणि घरं विकली गेली.

जगन हात पुसत बाहेर आला. तो पन्नाशीचा, आपट्याचाच, वर्षापूर्वी इथे लागला होता. "मॅडम, उद्या सुट्टी पायजे. आमच्या शकूचा गृहप्रवेश हाय. अक्षय्य तृतीयेला दूध उतू घालायचंय."

"लेकीने घर घेतलं? कुठे?" सत्यजीतने विचारलं.

"काशीरामशेठच्या बिल्डिंगीत, नदीवर. आठवी खोली. तेवढी एकच ऱ्हायली होती. जावई, दीपेश, टेम्पो घेऊन निघाला पण आसंल."

अनुयाच्या हातातलं पेन थांबलं. "बाकी सात भरल्या?"

"सातवं बिऱ्हाड परवाच आलं की."

"आणि पहिलं?"

"पयली ती मास्तरीण. गणपतीत."

अनुयाने वही उघडली. गणपतीचा आठवडा: चाळीस ग्रॅम.

"मग?"

"दसऱ्याला एक." जगन हसला. "का हो मॅडम, तुमाला बी खोली घ्यायची काय?"

दसरा: चाळीस. तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. त्या आठवड्यात वजन एकदम ऐंशीने वाढलं होतं. तेव्हा तिने समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

"दिवाळीत किती आले, जगन?"

"पाडव्याला दोन. एकाच दिवशी. जिन्यात कपाटं अडकली, काय भांडले!"

माघी गणपतीला एक, गुढीपाडव्याला एक, परवा एक. वहीत तीन वाढी होत्या, त्याच आठवड्यांच्या. तिने बेरीज केली, मग उलट बाजूने केली. सात बिऱ्हाडं, दोनशे ऐंशी ग्रॅम. आतल्या टाकीतून दगडावर दगड टेकल्यासारखा बारीक आवाज आला. तिघांनीही तिकडे पाहिलं. पाणी हलत नव्हतं.

सत्यजीतने वही स्वतःकडे ओढली, बराच वेळ वाचली. "योगायोग असेल," तो म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता. "सातव्या दिवसाचा आकडा किती होता?"

"नऊ."

"आणि तू कुणाला..."

"नाही."

"ताई, आता हे बाहेर काढलंस तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील. दोन वर्षं का थांबलीस? रोडपाली विसर. ही लॅब राहील का, ते सांगता येत नाही."

"माहीत आहे. दोन वर्षं पाण्यात राहिलेला क्यूब अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबपेक्षा जास्तच भार घेतो. तरीही तो कमी भाराला फुटला, तर कुणाला वाद घालायला जागा उरणार नाही. मलाही."

जगनचं हसू विरलं होतं. तो एकदा तिच्याकडे, एकदा वहीकडे बघत होता. "मॅडम, कसले नऊ? शकूच्या बिल्डिंगीचं काय हाय?"

तिने सतरा कामांची यादी उलटी करून ठेवली आणि उभी राहिली.

"ते तीन आत्ता फोडायचे," अनुया म्हणाली. "आकडा काहीही येवो, सातही घरी मी स्वतः जाऊन सांगणार, आणि लेखी देणार. जगन, आधी शकूला फोन लाव. म्हणावं, टेम्पो आहे तिथून मागे फिरवा."