हिरव्या टिकलीची पुस्तके

ग्वेन ट्रेलोरने खोक्यावरची चिकटपट्टी कात्रीने कापली, वरचे पुस्तक बाहेर काढले, मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर वाचला आणि कण्यावर हिरवी टिकली चिकटवली. मग दुसरे पुस्तक. मग तिसरे. सकाळचे साडेसात वाजले होते. शाळेच्या वाचनालयातला हीटर अजून तापायचा होता, आणि धक्क्याकडून येणारा वारा बाहेर झेंड्याची दोरी खांबावर आपटत होता. आठ वाजेपर्यंत सहा पुस्तके झाली. तिने ती दाराजवळच्या तिरक्या फळीवर मांडली, दर्शनी बाजू पुढे करून, आणि रिकामे खोके पायाने दाबून चपटे केले.

पोर्ट हॅलमच्या या शाळेत हिरव्या टिकलीचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: मिसने, म्हणजे ग्वेनने, हे पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचले आहे. सव्वीस वर्षे हा रिवाज चालू होता. भरती-ओहोटीच्या तक्त्यापलीकडे काही न वाचणाऱ्या कोळंबीवाल्यांची मुलेही टिकली पाहून पुस्तक उचलत. ग्वेन सत्तावन्न वर्षांची होती, पण तिचे वाचन सारे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांचे. तासाची पहिली दहा मिनिटे ती एका नव्या कादंबरीविषयी बोले, उभी राहून, हातवारे करत, आणि ऐन रंगात आल्यावर थांबून म्हणे, "पुढचं मी सांगणार नाही." मग मधल्या सुट्टीत त्या एका प्रतीवरून भांडणे होत. वाचनालयात मदतीला असलेली रॉझलिन तिला म्हणायची, "अगं, मोठी हो आता. मोठ्या माणसांचंही काहीतरी वाच." ग्वेनचे उत्तर ठरलेले असे, "मोठ्यांच्या पुस्तकांत सगळे थकलेले असतात गं."

मार्चमध्ये तिचा नवरा मर्व गेला. अंत्यविधी झाला, लोकांनी आणलेले डबे संपले, आणि दहाव्या दिवशी ती शाळेत हजर झाली. त्यानंतर तिच्या ध्यानात आले, की वाक्ये आत जात नाहीत. डोळे ओळीवरून फिरत, पान उलटले जाई, आणि मागच्या पानावर काय होते ते विचारले असते तर तिला सांगता आले नसते. दुःख होत होते असेही नाही. दात काढण्याआधी बधिर केलेल्या तोंडासारखे सगळे जाड होते, इतकेच. तिने कुणाला सांगितले नाही. पुस्तके येत राहिली, मुले विचारत राहिली, आणि एप्रिलमध्ये केव्हातरी तिने न वाचलेल्या पुस्तकावर पहिली टिकली लावली. कुणाला काही कळले नाही. आता सप्टेंबर उजाडला होता, आणि आजची सहा धरून अशी सतरा पुस्तके झाली होती.

त्याच दिवशी, बुधवारी, मधल्या सुट्टीत दहावीतली मॅटी आली. तिचे पूर्ण नाव स्टामाटिया, पण ते तिची मावशी तेवढी उच्चारी. मॅटीने फळीवरचे निळे पुस्तक उचलले, उलटून मागचा मजकूर वाचला, आणि परत पहिल्या ओळीपासून वाचला.

"मिस, हे कसं आहे?"

"टिकली दिसत नाही का?"

"दिसते की. यात आई आजारी आहे म्हणे."

"हो."

"मरते का?"

मॅटीची आई मे महिन्यापासून ॲडलेडच्या इस्पितळात होती. वडील होडी भाड्याने देऊन तिच्याजवळ राहायला गेले होते. मॅटी इथे मावशीकडे राहत होती आणि दर पंधरवड्याला शुक्रवारी नऊ तासांच्या बसने एकटी आईकडे जात होती. हे गावात सगळ्यांना माहीत होते. ग्वेनलाही होते.

"नाही," ग्वेन म्हणाली.

मॅटीने पुस्तक हातात तोलून पाहिले. तिच्या चेहऱ्यावर काय आले ते ग्वेनला वाचता आले नाही.

"बरं. बाजूला ठेवा माझ्यासाठी. शुक्रवारी नेईन बसमध्ये वाचायला. आधीचं संपायचंय अजून."

ती गेल्यावर ग्वेनने पुस्तक पिशवीत टाकले.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने पहिले पान उघडले. नेल नावाची मुलगी, तिची आई शाळेची बस चालवते. अकराव्या पानावर ती चारदा पोहोचली आणि चारदा तिला मागे जावे लागले. शेवटी तिने शेवटचे पान पाहिले. नेल बसच्या स्टीअरिंगशी बसून गाडी मागे घेत होती. आईचा उल्लेख नव्हता. मधली पाने चाळली, तर कुठे आई बोलत होती, कुठे कुणीच बोलत नव्हते. तिने पुस्तक मिटले आणि बशी धुतली.

तिला वाटायला हवी तशी भीती वाटत नव्हती. पण एक गोष्ट तिला दिसत होती, रस्त्यापलीकडचे घर दिसावे तशी: बसच्या खिडकीशी बसलेली मॅटी, दोन्ही बाजूंना गव्हाची शेते, आणि मांडीवर ते पान, ज्याच्याबद्दल मिसने "नाही" म्हणून सांगितले आहे. त्या पानानंतर इस्पितळापर्यंतचे सारे तास तिला एकटीने काढावे लागतील.

गुरुवारी दुपारी ग्वेन वर्गातल्या खणातून पुठ्ठ्याची एक पट्टी घेऊन आली. वाचताना ज्या मुलांची ओळ सुटते, त्यांच्यासाठी तिने अशा पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. मधोमध एका ओळीएवढी खाच. पट्टी पानावर ठेवली, की एकच ओळ दिसे, बाकीचे पान झाकले जाई. एक ओळ तिला वाचता येत होती. मग ती पट्टी खाली सरकवे. संध्याकाळभर ती तशी वाचत राहिली, बोट धरून चालल्यासारखी, आणि झोपायच्या आधी साठाव्या पानावर पोहोचली.

शुक्रवारी पहाटे चारला उठून तिने पुढे वाचले. मधल्या सुट्टीत तिची मैदानावर देखरेख होती. अंगात भगवे जाकीट घालून ती कचरापेटीशी उभी राहून वाचू लागली. नववीतला जेरोम पाय फरफटत जवळ आला.

"मिस! ती पट्टी तर आमच्यासारख्या ढ मुलांना असते."

"आज मला लागतेय."

"कितवं पान?"

"एकशे एकवीस."

"कधीपासून वाचताय?"

"बुधवारपासून."

"अरेरे," जेरोम मनापासून म्हणाला. "मी तुमच्यापेक्षा फास्ट आहे की. धीर सोडू नका हं मिस. तुम्हीच सांगता ना, रोज थोडं थोडं."

"चालू पड, जेरोम. आणि ते वेष्टन उचल."

पुढच्या तासांना वर्गाला मूक वाचन देऊन तीही वाचत राहिली. जेवणाच्या सुट्टीत ती सुतारशाळेमागच्या बाकावर जाऊन बसली. तिथे वारा लागत नव्हता. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर पट्टीच्या खाचेत एक ओळ आली: आई त्या पहाटे गेली. ग्वेनने ती वाचली. पट्टी खाली सरकवली. पुढच्या ओळीत नेलने किटलीत पाणी भरले. आत कुठे काही हलेल म्हणून ग्वेन क्षणभर थांबली. काही हलले नाही. घंटा झाली. पुढचे दोन तास तिला मोकळे होते, त्यामुळे ती तिथेच बसून राहिली आणि दोनशे बत्तिसाव्या, शेवटच्या पानापर्यंत वाचून उठली.

वाचनालयात रॉझलिन खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होती.

"मॅटी येऊन गेली. तुझ्याकडे ठेवलेलं पुस्तक मागत होती. तू सापडेनास, म्हणून मी तिला दुसरं दिलं. घोड्यांचं काहीतरी आहे."

"घेतलं तिने?"

"घेतलं. लवकर गेली, सामान भरायचं होतं. साडेपाचची बस ना तिची." रॉझलिनने तिच्याकडे पाहिले. "काय गं? महत्त्वाचं होतं का?"

म्हणजे प्रश्न मिटला होता. मुलीच्या पिशवीत घोडे होते, निळे पुस्तक ग्वेनच्या हातात होते, आणि बुधवारच्या त्या एका शब्दाचा हिशेब कुणी मागणार नव्हते. ग्वेनने एक खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. दुसरी उचलली आणि खाली ठेवली.

"मी जरा जाऊन येते," ती म्हणाली.

बस गावाबाहेरच्या पेट्रोलपंपाशी थांबे. मॅटी भिंतीला टेकवलेल्या बाकावर पिशवी पायांत धरून बसली होती. तिची मावशी, थिया फोटिनी, गाडीत बसून काच खाली करून फोनवर कुणाला तरी झापत होती. ग्वेनला पाहून तिने हात हलवला आणि झापणे चालू ठेवले.

"मिस, तुम्ही?"

ग्वेन शेजारी बसली. पुस्तक तिने मांडीवर ठेवले.

"बुधवारी तू विचारलंस तेव्हा मी हे वाचलेलं नव्हतं."

मॅटीने पुस्तकाच्या कण्याकडे पाहिले. "टिकली आहे की."

"खोटी आहे."

"पण तुम्ही तर..." तिने वाक्य सोडून दिले. मग म्हणाली, "एवढंच?"

"अशी सतरा आहेत."

"सतरा! बाप रे, मिस." तिच्या आवाजात धक्का होता आणि थोडे कौतुकही होते. "आमचं एखादं टिपण चोरलेलं सापडलं तर तुम्ही अर्धा तास सुनावता."

"हो."

"सगळ्यांना सांगणार?"

"सोमवारी. तुला आज सांगायला हवं होतं, कारण मी तुला 'नाही' म्हणाले." ग्वेनने श्वास घेतला. "मरते ती. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर."

मॅटीने पिशवीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. गाडीतून थिया फोटिनीचा आवाज येत होता, "अरे पण मासा ताजा होता असं तूच म्हणालास ना!"

"मला तसंच हवं होतं," मॅटी म्हणाली.

"काय?"

"मरते असंच. तुम्ही 'नाही' म्हणालात, तेव्हा मी नकोच म्हणणार होते. पण टिकली होती, म्हणून म्हटलं, असू दे, ठेवा बाजूला." ती हळूहळू बोलत होती, कुणी पाठ म्हणून घेत असल्यासारखी. "जी वाचली, त्या सगळ्यांत शेवटी आई बरी होते. किंवा मरते आणि पुस्तक संपतं. मला नंतरचं बघायचंय. ती मुलगी नंतर काय करते ते. कुणी सांगतच नाही. थियाला विचारलं तर ती चर्चमध्ये मेणबत्ती लावायला घेऊन जाते."

ग्वेनने पुस्तक मांडीवर सरळ केले.

"तुम्हाला रडू आलं का त्या पानावर?"

"नाही."

"खरंच?"

"मार्चपासून कशानेच येत नाही."

मॅटीने तिच्याकडे वळून पाहिले. मिसचे मिस्टर वारले हे तिला माहीत होते. वर्गाने कार्डावर सह्या केल्या होत्या, त्यात तिचीही होती.

"मला पण," ती म्हणाली. "सगळे टपून बसलेत, मी कधी रडते म्हणून. मला नुसती भूक लागते."

"मला तीही लागत नाही."

हे ऐकून मॅटी नाकातून हसली, आणि लगेच थांबली.

"त्याच्यापुढे किती पानं आहेत?"

"चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस पानं ती करते काय?"

"फार काही नाही. लोकांनी आणलेले डबे धुऊन ज्याचे त्याला परत करते. शाळेत जाते. कुणाशी तरी भांडते. शेवटी आईची बस मागे घ्यायला शिकते, तीही धड नाही, कुंपण पाडते."

"म्हणजे बरी होते का ती?"

ग्वेनने विचार केला. पूर्वी अशा जागी ती थांबून म्हणाली असती, पुढचं मी सांगणार नाही.

"मला नाही कळलं," ती म्हणाली. "मी एकेक ओळ वाचली. सगळं मिळून काय झालं, ते मला अजून जमत नाहीये."

मॅटीने मनगटावरचे घड्याळ पाहिले. मग पुस्तक ग्वेनच्या मांडीवरून उचलले, मागून पाने उलटत एकशे अठ्ठ्याऐंशीवर आणले, आणि उघडे तसेच परत तिच्या हातात दिले.

"वाचा."

"इथे?"

"वीस मिनिटं आहेत. मी ऐकते. तुम्ही आम्हाला वाचून दाखवायचात, आता नाही दाखवत."

ग्वेनने पान डाव्या हाताने सपाट केले. पेट्रोल भरणाऱ्या ट्रकचा आवाज थांबेपर्यंत ती थांबली. मग तिने वाचायला सुरुवात केली. पहिल्या काही ओळी तिच्या आवाजात हजेरी घेतल्यासारख्या सपाट उमटल्या. नेलने किटलीत पाणी भरले. नेलने दार उघडले, तर शेजारीण डबा घेऊन उभी होती. मॅटी पाय हलवायची थांबली. गाडीतले फोनवरचे बोलणे केव्हा संपले ते दोघींच्या लक्षात आले नाही. थिया फोटिनी उतरून बाकाच्या टोकाशी येऊन उभी राहिली, काही विचारायला म्हणून तिने तोंड उघडले आणि न विचारताच खाली बसली.

बस आली, वळली, दार उघडले. ड्रायव्हरने सामानाचा कप्पा उघडून मॅटीच्या पिशवीकडे हात केला.

"पिशवी ठेवून द्या," मॅटी त्याला म्हणाली, "मी येतेच. एवढं पान होऊ दे."

ग्वेनने मान वर केली नाही. तिने ते पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, पुस्तक मिटून मॅटीच्या हाती दिले, आणि बस उत्तरेकडच्या वळणाशी दिसेनाशी होईपर्यंत थिया फोटिनीबरोबर बाकावर बसून राहिली.